न उसवलेला ताईत

गळ्यात ताईत बांधणाऱ्या माणसाला तुम्ही मनातल्या मनात अडाणी म्हणता की नाही? खरं सांगा, इथे कुणी ऐकत नाही. मी म्हणायचे. मनातल्या मनात कशाला, छापून वाटायचे.

आमच्या घरी देव्हारा नव्हता. त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले आणि अक्षरं शिकले ती बाबांच्या पत्रकांवरून. एका बाजूला ‘कामगार बंधू-भगिनींनो’, दुसऱ्या बाजूला ‘गंडेदोरे, अंगारे, ताईत यांच्या नादी लागू नका’. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीच्या मुली आजोळी जायच्या, मी बसस्टँडवर पत्रकं वाटायचे. अजूनही कुणी कागद न घेता पुढे गेलं की माझा हात आपोआप त्याच्यामागे जातो.

अशा घरातून मी जपानात सेंदाईला गेले, धातूंवर डॉक्टरेट करायला. आणि तिथे मला एक शास्त्रज्ञ भेटल्या, ज्या एका ताईताची राखण करत होत्या.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते खपणार नाही. सेंदाईतले आम्ही मराठी विद्यार्थी त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. बाई कोल्हापूरकडच्या, शिक्षणानं पशुवैद्य. म्हशींची बाळंतपणं करता करता त्यांना जनावरांच्या केसांचा नाद लागला. वनखात्यानं धाड घालून पकडलेल्या मालातला केस मुंगसाचा की बकरीचा, हे त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायच्या. तो नाद त्यांना जपानपर्यंत घेऊन आला. सेंदाईतल्या एका विद्यापीठाच्या लहानशा संग्रहालयात कातडं, केस, पिसं, शिंगं अशा सगळ्या वस्तूंची निगा त्या बघत.

मी तिथे बाइतो धरला होता. बाइतो म्हणजे विद्यार्थ्यांची अर्धवेळ नोकरी. दोन हजार अकराच्या भूकंपात संग्रहालयाच्या कोठारातली कपाटं आडवी झाली होती, वस्तू एकीकडे आणि त्यांची लेबलं दुसरीकडे. मी गेले तेव्हा काही वर्षं उलटली होती, पण वस्तू आणि लेबलं जुळवण्याचं काम चालूच होतं. कपाटं आता पट्ट्यांनी भिंतीला बांधलेली असत आणि जमीन जरा हलली की सगळे एकदा वर दिव्याकडे बघून पुन्हा कामाला लागत.

पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तर बाई भिंगातून मान वर न करता मराठीत म्हणाल्या, “कोटावर मांजर घेऊन आलीस. पिवळं. तुझं?”

घरमालकिणीचं, मी म्हणाले.

“तिला सांग, पिसवा झाल्यात त्याला.”

ही आमची ओळख. थोड्या वेळानं मी एका खणातली कातड्याची छोटी पिशवी उचलायला गेले, तर त्यांचा आवाज आला, “हात लावू नकोस त्याला.” मी लेबल वाचलं होतं. ताईत. मला हसू आलं. म्हटलं, का, भारलेला आहे?

“आहे की,” बाई म्हणाल्या. “आर्सेनिकनं.”

मग त्यांनी हातमोजे चढवले, बंदुकीसारखं दिसणारं एक यंत्र त्या पिशवीवर धरलं आणि पडद्यावर आकडे दाखवले. जुन्या काळी संग्रहालयवाले केसांच्या, पिसांच्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक चोळत. वस्तू टिकायची, हाताळणारी माणसं आजारी पडायची. तुझ्या बाबांना सांग, बाई म्हणाल्या, ताईतात शक्ती असते, फक्त ती घालणारा मांत्रिक कोट-टाय घालून येतो.

बाबांना मी हे फोनवर सांगितलं. ते बराच वेळ हसत होते.

बाईंच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरू करू? सेंदाईच्या भुयारी रेल्वेत त्या समोरच्या बायकांच्या कॉलरकडे बघत बसत आणि पुटपुटत, ससा, ससा, नायलॉन, कोल्हा, ससा. एकदा एका उंची कोटातल्या बाईसाहेबांना त्यांनी वाकून नम्रपणे सांगितलं की तुमचा कोल्हा ससा आहे. बाईसाहेबांनीही वाकून आभार मानले. मी पुढच्या स्टेशनवर उतरले, माझं नसलेल्या.

प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये त्यांच्या ठेच्याची बरणी असायची. तिच्यावर जपानीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘नमुना. विषारी.’ कुणी हात लावत नसे.

सकाळी कोठाराचे खण उघडताना त्या मोठ्यानं विचारायच्या, “कसं काय, मंडळी?” भरलेल्या अस्वलाला, वाळलेल्या घुबडाला, हरणाच्या शिंगांना. जपानी सहकाऱ्यांना वाटलं ही भारतीय प्रार्थना असणार. इतर लोकांच्या वस्तूंपुढे आधी नमस्कार करावा हे त्यांना पटलंही. नवा आलेला एक तरुण अभिरक्षक रोज सकाळी दारात उभा राहून, कमरेत वाकून म्हणायचा, “कासु काय, मंदारी.” बाईंनी त्याला कधी सुधारलं नाही. म्हणायच्या, भाव पोचला की बास.

त्यांच्या घराच्या गॅलरीत कावळ्याचा पंख, माशाचं कातडं, कुठल्याशा डुकराचा जबडा असं काहीबाही वाळत असे. जपानमध्ये कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी ठेवली तरी शेजारी दार वाजवतो, मग जबड्याचं काय होणार? इमारतीच्या समितीचे अध्यक्ष असलेले आजोबा तक्रार घेऊन वर आले. बाईंनी त्यांना चहा दिला, त्यांच्या बाहीवरचा एक केस चिमटीत धरला, सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि त्यांना बघायला लावलं. आजोबा पाऊणएक तास खुर्चीवरून उठले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, या वेळी कुत्रं घेऊन. त्याची खाज बाईंनी आहारातला एक पदार्थ बंद करून बरी केली. तक्रारीचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

मला त्या पत्रकबाई म्हणायच्या. “काय पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?” हा त्यांचा मला रोजचा रामराम.

भूकंपानंतर टोकियोकडचे, उरायासुचे कितीतरी भारतीय घरी गेले. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. लेकरं घेऊन माणसं सुरक्षित जागी जाणारच. बाई मात्र राहिल्या. का राहिलात, असं मी विचारलं तर म्हणाल्या, कपाटं पडली होती, उचलायला कुणीतरी नको? त्यांच्याकडून एवढंच. बाकी मला कोठारातल्या जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं. पाणी नाही, वीज नाही, अशा दिवसांत बाई कोठारात अंगावर तीन स्वेटर चढवून वस्तूंवर चादरी घालत होत्या, आणि दुपारनंतर सायकलवरून शाळेतल्या निवाऱ्यात जाऊन लोकांची कुत्रीमांजरं पुसत होत्या.

त्यांचं एक वाक्य होतं, कोठारात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं जाणारं. आधी जनावर, मग माणूस, मग म्युझियम. कुठल्याही वस्तूकडे याच क्रमानं बघायचं. कुठल्या जीवाचं हे अंग, मग कुणाच्या हातानं घडलं, आणि सगळ्यात शेवटी, आपल्या कपाटाचं काय.

आता तो ताईत. तळहातावर मावेल एवढी पिशवी. धुरी दिलेलं मऊ कातडं. ते मूसचं, बाई म्हणाल्या. मूस म्हणजे घोड्याहून उंच असं उत्तरेकडचं हरीण. त्यावर साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून नक्षी शिवलेली. कडेला पांढऱ्याशुभ्र केसांची एक पट्टी, तिचं टोक काळं. मी ते मुंगूस म्हणाले आणि बाईंनी मला त्या दिवशी चहा दिला नाही. मुंगूस नव्हे. हिवाळ्यात पांढरा होणारा, वीतभर अंगाचा एक चपळ प्राणी. मराठीत त्याला नाव नाही कारण आपल्याकडे तो नाही. सेंदाईजवळच्या झाओ डोंगरात त्याचा भाऊबंद राहतो, जपानी लोक त्याला ओकोजो म्हणतात. बाई बर्फात दिवसभर बसून त्याला बघून आल्या होत्या. मोठा गुणी जीव आहे गं, त्या म्हणाल्या, आमच्या आत्यासारखा. सगळीकडे डोकं घालणार.

शिवण दोऱ्याची नव्हती, जनावराच्या स्नायूच्या तंतूची होती. बाईंनी ती मला भिंगातून दाखवली. “टाक्याचा कल बघ. डावखुरं माणूस. आणि घाई नव्हती.” पिशवीचं तोंडही शिवून बंद केलेलं होतं. आत काहीतरी होतं. काय, ते ठाऊक नव्हतं.

लेबलावर एवढंच: क्री, कॅनडा. ताईत. प्राणिज पदार्थ. क्री हा कॅनडातला एक मोठा आदिवासी समाज. युद्धाआधी इथले कुणी प्राध्यापक तिकडे फिरून आले, त्यांनी ही पिशवी आणली. विकत घेतली, मागून घेतली की उचलली, हे कुणी नोंदवलं नव्हतं. त्या काळात तिकडे आदिवासींच्या विधींवर सरकारची बंदी होती, मुलांना घरातून उचलून वसतिगृहांत कोंडलं जात होतं. अशा काळात ‘विकत घेतलं’ या शब्दाला काय किंमत असते ते तुम्हीच ठरवा.

मी तोवर बाईंशी भांडत होते. म्हटलं, शास्त्रज्ञ असून तुम्ही या अंधश्रद्धेची एवढी बडदास्त ठेवता? बाई सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे एका म्हातारीची म्हैस अडली होती. शिंगाला काळा दोरा बांधलेला. म्हातारी सकाळपासून उपाशी. मी इंजेक्शन दिलं, रेडकू ओढून काढलं, दोरा तसाच ठेवला.

“दोऱ्यानं म्हैस सुटते का, बाई?”

“नाही सुटत. म्हणून तर इंजेक्शन दिलं.”

“मग कापला का नाहीत?”

“माझा नव्हता की गं.”

 घरी जाताना सायकलवर मी त्या दोऱ्याचा विचार करत होते. बाबांची पत्रकं ताईत विकून गरिबाला लुबाडणाऱ्याच्या विरुद्ध होती. इथे तर लुबाडला गेला होता तो ताईतच. लुटणारा दोन्हीकडे एकाच जातीचा. दुसऱ्याच्या भीतीचा धंदा करणारा आणि दुसऱ्याच्या पवित्र वस्तूचा संग्रह करणारा, हे दोघे मला त्या दिवसापासून एका बाकावर बसलेले दिसतात.

मग दोन गोष्टी लागोपाठ घडल्या.

एक, कॅनडातून विचारणा आली. क्री समाजातल्या एक आजी, मुलींना कातड्याचं काम शिकवणाऱ्या. त्यांच्या नातीनं आमच्या संग्रहालयाच्या वेबसाइटवर पिशवीचा फोटो बघितला होता. आजींचं म्हणणं साधं होतं. कुठल्या घरातली आहे ते सांगता येणार नाही, पण आमच्या माणसांची आहे. मी बघायला येईन. तुम्ही दिलीत तर घरी नेईन. आणि मी येईपर्यंत कृपा करून ती उघडू नका.

दुसरी, संग्रहालयाच्या संचालकांनी प्रदर्शन ठरवलं. भूकंपानंतरचं पहिलं मोठं प्रदर्शन, किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुलांसाठी, जगभरच्या ताईतांचं. संचालक वाईट माणूस नव्हते हे मी मुद्दाम सांगते, कारण पत्रकात अशा माणसाला जागा नसते. सज्जन, हळू बोलणारे, स्वतः किनाऱ्यावरच्या गावातले. भूकंपापाठोपाठ आलेल्या त्सुनामीच्या लाटेत घरंदारं गेलेल्या मुलांना सांगावं की जगात सगळीकडे आईबाप लेकरांच्या रक्षणासाठी काहीतरी शिवत आलेत, एवढाच त्यांचा हेतू. त्यांना वाटलं, क्री पिशवीचं आधी स्कॅन करावं, मग चार टाके उसवून आतली वस्तू शेजारी मांडावी. मुलांना आत काय आहे त्याचं फार कुतूहल असतं, ते म्हणाले. आजींना काय कळवायचं, ते प्रदर्शनानंतर बघू.

म्हणजे प्रश्न उरला तो एकच. ती पिशवी न उसवता घरी जाणार की नाही.

मी माझ्या स्वभावाला धरून पत्रक लिहिलं. तीन भाषांत. वसाहतवाद, मालकी, ज्ञानाच्या नावावरची चोरी, सगळं त्यात होतं. संग्रहालयाच्या फाटकाशी उभं राहून वाटायचा बेत होता. बाईंना वाचायला दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, छान लिहिलंयस म्हणाल्या, आणि त्यात दोन भाकऱ्या गुंडाळून मला डबा दिला.

मी भडकले. त्यांनी मला बसवलं. “पत्रकानं माणूस चिडतो गं,” त्या म्हणाल्या. “चिडलेला माणूस मुठी आवळतो. मला त्यांची मूठ उघडायला हवी.”

मी अजूनही याच्याशी सहमत नाही. काही मुठी पत्रकांशिवाय उघडत नाहीत, आणि काही पत्रकांनीही नाही. पण त्या दिवशी मी भाकरी खाल्ली.

बैठकीला मी होते, फोटो पडद्यावर दाखवायच्या कामासाठी. संचालकांनी योजना मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. जपानी बैठकीत मान डोलवणं म्हणजे ऐकतोय एवढंच, पण डोलावल्या. बाईंचा करार दर वर्षी नव्यानं व्हायचा आणि त्यावर सही संचालकांची असायची, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई उठल्या. त्यांची जपानी म्हणजे कोल्हापुरी वाक्यात बसवलेले जपानी शब्द. आदरार्थी रूपं शोधूनही सापडायची नाहीत. त्यांनी खिशातून टाके उसवायची बारीक कात्री काढली, टेबलावरून संचालकांच्या दिशेनं सरकवली आणि त्यांच्या बॅगेकडे बोट केलं.

“सेन्सेई,” त्या म्हणाल्या, आपण ‘सर’ म्हणतो तसं, “आधी तुमचा उघडू या.”

संचालकांच्या बॅगेला एक ओमामोरी लटकत होता. जपानी देवळात मिळणारी ही कापडी पिशवी तुम्ही जपानी माणसाच्या बॅगेवर, गाडीत, शाळकरी मुलींच्या दप्तरावर कुठेही बघाल. आत कागद किंवा लाकडाचा तुकडा असतो म्हणतात. म्हणतात, कारण कुणी उघडून बघत नाही. उघडला की राखण संपली. आणि वर्ष झालं की तो जिथून आणला त्या देवळात परत नेऊन द्यायचा, देऊळ तो विधी करून जाळतं. संगणक बनवणारे, भूगर्भ मोजणारे, सगळे हे पाळतात, आणि त्यांना कुणी अडाणी म्हणत नाही. संचालकांचा ओमामोरी इतका जुना होता की लाल रंगाचा विटकरी झाला होता.

संचालकांचा हात त्या पिशवीवर गेला. त्यांनी ती मुठीत झाकून घेतली. कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं.

“हा नाही उघडत,” ते म्हणाले.

“का?” बाईंनी विचारलं. दुखतंय कुठे, असं डॉक्टर विचारतो त्या आवाजात.

 मग संचालक टेबलाकडे बघत बोलू लागले. हा मुलीनं दिला होता, भूकंपाच्या आदल्या नव्या वर्षाला, गावच्या देवळातून आणून. मुलगी सुखरूप आहे, ओसाकाला नोकरी करते. वर्ष झालं तसा तो परत करायला ते गावी गेले. देऊळ नव्हतं. समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या, आणि वर काही नव्हतं.

तो तरुण अभिरक्षक हळूच म्हणाला की दुसऱ्या देवळातही घेतात.

“माहीत आहे,” संचालक म्हणाले. मूठ मात्र तशीच.

बाई खाली बसल्या. मला वाटलं होतं त्या आता जिंकल्यासारखं काहीतरी बोलतील. त्यांनी कात्री उचलून परत खिशात ठेवली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, “तुमच्या ताईताचं घर वाहून गेलं, म्हणून तुम्ही तो सांभाळताय. या पिशवीचं घर जागेवर आहे, सेन्सेई. घरचं माणूस दारात उभं राहून विचारतंय. परत देणं म्हणजे काय, ते इथे तुमच्याएवढं कुणाला ठाऊक आहे?”

संचालक म्हणाले, विचार करतो. जपानमध्ये ‘विचार करतो’ म्हणजे बहुतेक वेळा नाही.

त्यानंतरचे काही आठवडे वाईट गेले.  बाईंचा करार संपत आला होता आणि आम्ही विद्यार्थी आपापसांत कुजबुजत होतो की बाईंना त्सुकुबाच्या एखाद्या संस्थेत जागा बघायला हवी. बाईंनी मात्र गावातल्या एका म्हाताऱ्या सुताराकडून पावलोनियाच्या हलक्या लाकडाची पेटी करून घ्यायला घेतली, आतून पिशवीच्या आकाराची गादी. मी विचारलं, परवानगी मिळाली नाही तर? बाई पेटीचं झाकण बसतंय का बघत होत्या. म्हणाल्या, पेटी तर होईल.

परवानगी आली. संचालक स्वतः कोठारात येऊन सांगून गेले, उभ्याउभ्याच. टाके उसवायचे नाहीत, स्कॅन नाही, आजींना बोलवा. फक्त कागदावर ‘दीर्घ मुदतीनं उसनं’ असं लिहावं लागेल, कारण नियमांत परत देण्यासाठी शब्दच नव्हता. त्यांचंच त्यांना उसनं! माझ्या डोक्यात नव्या पत्रकाचा मथळा तयार झाला. बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. परत देण्याचा तो शब्द पुढे संचालकांनीच नियमांत घालून घेतला, हे सांगायला हवं. बाईंच्या करारावरही त्यांनी सही केली. 

आजी आल्या त्या नातीला घेऊन. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, पायात जाडजूड बूट. पिशवी समोर ठेवली तेव्हा त्यांनी आपल्या भाषेत तिच्याशी काही बोलायला सुरुवात केली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे राहिलो. मग त्यांनी ती उचलायला हात पुढे केला, आणि बाईंना ते सांगावं लागलं. इंग्रजीत, सरळ, लपवाछपवी न करता. हिच्यावर विष आहे. आमच्यासारख्याच लोकांनी घातलेलं, ती टिकावी म्हणून. छातीशी धरता येणार नाही, लहान मुलाच्या हातात देता येणार नाही. मोजे घालावे लागतील. आम्हाला ते काढता आलं नाही, कारण काढायला गेलो तर काटे आणि केस हातात येतील.

बाईंनी मोज्यांची नवी जोडी आजींपुढे ठेवली.

आजींनी हात मागे घेतला. नातीनं त्यांना आपल्या भाषेत पुन्हा सगळं सांगितलं. 

“म्हणजे आजारी आहे,” आजी म्हणाल्या. “मग तर घरीच न्यायला हवी.”

त्यानंतर आजी आणि बाई कोठारातल्या टेबलाशी बसल्या त्या दुपार उलटेपर्यंत. मोजे घातलेल्या हातांनी आजींनी काट्यांची नक्षी दाखवली. काटे दातांनी दाबून चपटे करतात म्हणाल्या, म्हणून म्हाताऱ्या कारागिणींचे दात झिजलेले असतात. बाईंनी सांगितलं कोल्हापुरात कातडं कसं कमावतात ते. कुठल्या लाकडाची धुरी, कातड्याला जनावराचा मेंदू चोळायचा की झाडाची साल वापरायची, यावर दोघींचा वाद झाला. लग्नघरात मागच्या पडवीत बायका बसतात तशा बसल्या होत्या. मध्येच आजींनी बाईंच्या बाहीवरचा एक केस चिमटीत धरून उजेडात बघितला.

“कुत्रं,” त्या म्हणाल्या. “म्हातारं.”

बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. अध्यक्ष आजोबांचं कुत्रं त्यांच्याबरोबर कुठवर पोचलं होतं बघा.

पेटी गेली. आत काय होतं ते आम्हाला कळलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझ्यातली इचलकरंजीची मुलगी अजून अधूनमधून डोकं वर काढते, की बघायला हवं होतं. मग मी तिला विचारते, कशासाठी?

प्रदर्शन झालं. क्री पिशवीसाठी केलेलं काचेचं कपाट संचालकांनी रिकामं ठेवलं आणि खाली स्वतः लिहिलं, ‘इथला ताईत आपल्या घरी गेला आहे.’ किनाऱ्यावरच्या शाळांतली मुलं आली. बाकीच्या कपाटांपुढून ती पळत जायची, याच्यापुढे थांबायची. एका लहान मुलीनं शिक्षिकेला विचारलं, घर कुठे आहे त्याचं? शिक्षिकेनं नकाशा दाखवला. मुलगी म्हणाली, लांब आहे, आणि तरी गेला. तिला ते फार आवडलेलं दिसलं.

बाई अजून सेंदाईतच आहेत. मी परत आले. फोनवर त्या अजून विचारतात, आज कुणाचा निषेध. मागच्या खेपेला मात्र म्हणाल्या, “पत्रकबाई, कॅनडाचं झालं. आपल्याकडच्या कपाटांचं काय?”

म्हणून मी गेले. एका जिल्ह्याच्या गावातल्या संग्रहालयात, दुपारी, मी एकटीच प्रेक्षक. काचेत दोऱ्यात ओवलेला कुठल्याशा प्राण्याचा दात. खाली लिहिलेलं, ‘आदिवासी ताईत’. कुठले आदिवासी? कुठलं गाव, कुठला पाडा? कुणी काढला कुणाच्या गळ्यातून? तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, मॅडम, हे आजवर कुणी विचारलंच नाही. आणि त्यानं मला खुर्ची आणून दिली. आम्ही दोघं मिळून आता शोधतो आहोत. दात कुठल्या प्राण्याचा ते कळलंय. फोटो सेंदाईला गेला आणि उत्तर आलं. गाव अजून कळलेलं नाही. दोन पाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना आम्ही भेटून आलो आहोत, तिसऱ्या पाड्यावर पुढच्या बाजाराच्या दिवशी जाणार आहोत.

तुमच्याही जिल्ह्यात असं एखादं संग्रहालय आहे. या रविवारी तिथे जा. ज्या वस्तूखाली समाजाचं नाव आहे पण माणसाचं आणि गावाचं नाही, अशी एकच वस्तू निवडा, आणि तिथे जो कुणी असेल त्याला विचारा: ही कुणाची, आणि त्यांना ठाऊक आहे का ती इथे आहे ते? भांडू नका. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा जा, आणि जाताना शेजारणीला बरोबर घ्या.